उत्तरेकडचा पडदा

काल संध्याकाळी वारं फिरलं. अंगणात वाळत घातलेले कपडे दिवसभर एका अंगाला उडत होते, ते एकाएकी दुसऱ्या अंगाला उडायला लागले, आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर आले. आमच्याकडं थंडी अशी येते. ती काही सांगून सवरून येत नाही, ढग नाही की गडगडाट नाही. वारं नुसती कूस बदलतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढून उठायची कुणाची हिंमत होत नाही.

पुण्याच्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला होता. म्हणाली, "मज्जा आहे बाई तुमची, गावाकडं काय छान गुलाबी थंडी असेल!" गुलाबी म्हणे! हिच्या थंडीला रंग असतो. आमच्या थंडीला फक्त दात असतात. जाफराबादच्या बाजूला दहा महिने ऊन खाऊन जगलेली आम्ही माणसं. आमची घरं उन्हासाठी बांधलेली. पत्रा आणि भिंत यांच्यामधे फट सोडायची ती वैशाखात हवा खेळावी म्हणून, आणि पौषात तीच फट बोचक्यांनी बुजवत बसायचं. स्वेटर घरटी एक, तोही ज्याला सकाळच्या एसटीनं जायचंय त्याच्या अंगावर. बाकीच्यांनी टॉवेल कानाला गुंडाळायचा. शेळ्यांच्या पाठीवर गोणपाट बांधायचं, त्या ते खाऊन टाकतात, मग दुसरं बांधायचं. म्हातारी माणसं उन्हाच्या तिरपीबरोबर सरकत सरकत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, तेवढ्यात दिवस संपतो. हुरडा, बोरं, तिळाचं कूट घातलेली भाजी, हे सगळं असतं, नाही असं नाही. पण मला मेलीला वारं फिरलं की हुरडा आठवत नाही. मला अक्का आठवते, आणि तोंड कडू होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड खुरपं धरता येत नव्हतं. या बाईनं मला सगळं शिकवलं. आमच्या भागात बियाण्यासाठी मिरची लावतात. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर जाळी, आत रोपांच्या रांगा. याला आम्ही सगळे नेटच म्हणतो. संध्याकाळी उमलायच्या बेतात आलेली कळी हळूच उघडायची, आतले केसर चिमट्यानं काढायचे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचं पोलन, म्हणजे पराग, तिला बोटानं लावायचं. लावलं की देठाला लोकरीचा लाल धागा बांधायचा, म्हणजे हे फूल झालं हे कळतं. याला क्रॉसिंग म्हणतात. पहिल्या वर्षी मी कळ्याच्या कळ्या मोडून ठेवल्या. अक्का रागावली नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "कळी हाय ती, संगे. शेंगदाणा न्हाई फोडायचा. बिलकुल जोर लावू नको."

नेट दोघींचं मिळून एक होतं. तिच्या वाटणीची जमीन उत्तरेला, माझी दक्षिणेला, वर एकच सांगाडा आणि मधे नुसती एक जाळी. त्या जाळीतून आम्ही बोलत असू. तोंडं दिसायची नाहीत, पानांतून नुसता आवाज यायचा, आणि अशा वेळी माणूस जास्त खरं बोलतं असं मला तेव्हा वाटायचं. माझ्या माहेरच्या तक्रारी, दिवस गेलेले आणि पडलेले, आमच्या ह्यांच्या जीपचे पॅसेंजर आणि ह्यांचा स्वभाव, सगळं मी त्या जाळीतून सांगितलं आहे. ती "हं" म्हणायची. कधी कधी फक्त तेवढंच हवं असतं.

इतकी वर्षं बियाण्याचा प्लॉट, म्हणजे आमच्याच जमिनीत बियाणं करून द्यायचा करार, कंपनी अक्काच्या नावावर द्यायची आणि मी तिच्या हाताखाली करायची. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या अर्ध्या नेटचा प्लॉट माझ्या नावावर आला. संगीता अमुक तमुक, असं पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलं. हसू नका, पण मी जाता येता ती पाटी पदरानं पुसायची. घरावर नाव ह्यांचं, जीपवर देवाचं, मुलांच्या दाखल्यावर बापाचं. माझं नाव असलेली ती पहिली वस्तू. आणि साहेब, म्हणजे कंपनीचा माणूस, पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलला होता, "ताई, यंदा माल बरोबर निघाला तर प्लॉट तुमच्या नावावर कायम. नाही निघाला तर पुन्हा नाव लावता येणार नाही." मी ऐकलं आणि घरी येऊन अक्काला सांगितलं. तीही खूश झाली. निदान तोंडावर तरी.

मिरचीला पाऊस सोसतो, ऊन सोसतं, थंडी सोसत नाही. आमच्याकडं हिमबिम काही पडत नाही. नुसतं उत्तरेचं वारं दोन चार पहाटे सलग शिरलं की फूल धरत नाही, धरलेलं गळतं. म्हणून दिवाळी उरकली की पडदे शिवायचे. खताच्या रिकाम्या गोण्या उसवायच्या, त्यांना आतून जुन्या साड्यांचं अस्तर लावायचं, आणि दाभण सुतळीनं एकाला एक जोडत जायचं. त्या वर्षी आम्ही दोघी अंगणात पाय पसरून बसलो होतो. उन्हात गोण्यांचा तो उग्र वास, आणि साड्यांना पेटीतल्या डांबरगोळ्यांचा. अक्कानं तिची डाळिंबी साडी काढली, तिच्या लेकाच्या बारशाची. मी म्हटलं, "अक्का, ही नका घालू, चांगली हाय अजून."

"घाल गं. कुणाला नेसायची हाय आता?" ती म्हणाली, आणि साडी टरकन फाडली.

आज तो आवाज आठवला की वाटतं, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. बाई वस्तू वाटायला लागली, फाडायला लागली, म्हणजे तिचा पाय निघालेला असतो. पण मला काय सुचणार? मी माझ्या नावाच्या पाटीत दंग. उलट मला भरून आलं. माझ्या मिरच्यांसाठी हिनं बारशाची साडी दिली, असं मी ह्यांना दोनदा सांगितलं.

पडदे दिवसा गुंडाळून वर बांधायचे आणि दिवस कलला की सोडायचे, खालच्या खुंट्यांना दोऱ्या आवळायच्या. दक्षिण आणि पश्चिम माझ्याकडं, उत्तर आणि पूर्व अक्काकडं. आणि इथं आमच्या शिवारातली एक रीत सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या बाजूची गाठ तपासायची नाही. कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण जिथं जिथं दोन घरांचं मिळून एक नेट आहे तिथं हे पाळतात. गाठ ओढून पाहिली म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितलं. गावातल्या दोन सख्ख्या भावांचं बोलणं एवढ्यावरून बंद झालंय. मी तर जाऊ, तीही धाकटी, तिनंच शिकवलेली. मी कशाला जाते उत्तरेला? माझं दार दक्षिणेला होतं. तिथून आत, तिथूनच बाहेर.

मग वारं फिरलं. काय थंडी पडली त्या वर्षी! टीव्हीवर रोज लाट लाट म्हणत होते. धुई इतकी की सकाळची जीप दिवे लावून आली तरी आधी आवाज यायचा आणि मग जीप दिसायची. मी म्हणाल ते केलं. माझ्या बाजूच्या कोपऱ्यांवर पत्र्याच्या डब्यांत कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीचं भुसकट घालून धूर केला. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं, ते सोडलं. डोळे धुरानं लाल, बोटं चिमटा धरून बधिर, आणि रोज सकाळी आत गेलं की वाफ्यात पांढऱ्या फुलांचा सडा. लाल धागा देठाला तसाच, आणि फूल खाली. नखाएवढ्या मिरच्या पिवळ्या पडून गळायच्या. मी त्या ओंजळीत गोळा करायची. का करायची देव जाणे, परत लावता थोड्याच येतात.

जाळीपलीकडं अक्का रोज असायची. तिच्या बांगड्या वाजायच्या. मी म्हणायची, "अक्का, माझं सगळं गळून राह्यलंय हो. तुमच्याकडं कसं हाय?"

"माझं बी तसंच गं. थंडीच लई हाय यंदा. आपण काय करावं?"

"माझ्याच हाताचा गुण न्हाई का काय?"

"असं म्हणू नाय. हात चांगला हाय तुझा. धूर वाढव जरा."

मी धूर वाढवला. एकदा तर ती घरून माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आली. जाळीच्या खालून तिनं पेला सरकवला आणि मी रडत रडत प्यायले. त्या चहाची आठवण मला सगळ्यात जास्त जाळते. पडद्याचं मी एक वेळ विसरेन. चहाचं नाही.

एका सकाळी तिचीच शेळी सुटली आणि माझ्या वाफ्यात दिसली. आता माझं दार लावलेलं, मग ही आत आली कुठून? तिला हुसकत मी मधली जाळी उचलून पलीकडं गेले, तिच्या अर्ध्यात. कितीतरी दिवसांनी गेले असेन. शेळी सरळ उत्तरेकडं पळाली आणि बाहेर. मी बघतच राहिले. उत्तरेची अख्खी बाजू उघडी. पडदा वर नीट गुंडाळलेला, दोऱ्या बांधलेल्या. पहाटे उघडला असेल म्हणावं, तर गुंडाळीवर कोळ्यानं जाळं केलेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यावर धुईचे थेंब. एका दिवसाचं काम नव्हतं ते. खालच्या खुंट्यांवर धूळ बसलेली. तो पडदा थंडी सुरू झाल्यापासून एकदाही सोडलेला नव्हता.

मग मी तिच्या रांगा पाहिल्या. वाटेकडच्या झाडांना लाल धागे होते, अगदी टापटीप. आतल्या रांगांत एक धागा नाही. मिरच्या आपोआप लागलेल्या, कशाही, बियाण्याच्या उपयोगाच्या नाहीत. म्हणजे अक्कानं क्रॉसिंग कधीच सोडलं होतं. साहेबाच्या नजरेला पडेल तेवढ्यापुरते धागे बांधले होते. मग ती रोज सकाळी आत काय करत होती? बसत होती. बांगड्या वाजवत बसत होती, आणि मला धूर वाढवायला सांगत होती.

मी तशीच तिच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती.

"अक्का, उत्तरेचा पडदा का सोडला न्हाई?"

तिचा हात थांबला. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. विसरले म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता, मला ठेवायचाच होता. ती म्हणाली, "माझ्याकडं झाकायला व्हतंच काय?"

"माझं होतं ना!"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. मग म्हणाली, "पोरगं जालन्याला बोलावून राह्यलंय. तिथंच राहायचं आता. संक्रांत झाली की सांगणारच व्हते तुला."

"हे कधी ठरलं?"

"पावसाळ्यातच बोलला व्हता तो. पण पक्कं नव्हतं गं. सुनेचं काय ते कळत नव्हतं."

"मग तेव्हाच का न्हाई सांगितलं? मी दुसरी कुणी जोडीला घेतली असती. न्हाई तर मधे जाड पडदा लावला असता. यंदा माझं नाव होतं अक्का, तुम्हाला माहीत होतं!"

"आन् त्यानं न्हाई नेलं असतं तर?" ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "तर मंग मी कुठं जाणार व्हते? नेट होतंच की आपलं."

बघा. नेट होतंच. लेकानं नेलं तर जालना, नाही नेलं तर मी. मी म्हणजे तिची अडीअडचणीला ठेवलेली जागा. त्यासाठी तिनं माझ्याबरोबर बसून पडदे शिवले, साडी फाडली, चहा आणला. एवढ्या थंडीत माझी फुलं गळताना पाहिली आणि दोरी सोडायला हात उचलला नाही, कारण आतलं तिचं काही नव्हतं. दुष्टाव्यानं केलं असतं तर मी भांडले असते. तिनं नुसता कंटाळा केला. माझ्यासाठी चार पावलं चालून दोरी सोडायचा कंटाळा.

माल निघालाच नाही म्हणा ना. साहेब आला, रांगांतून फिरला, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं आणि पाटी उपटून जीपमधे टाकली. भोगीला अक्का निघाली. गावानं तिला कुंकू लावलं, नारळ दिला. मीही लावलं. तिनं मला जवळ घेतलं आणि मी काठीसारखी उभी राहिले.

त्यानंतरच्या थंडीत मी हरभरा पेरला. हरभऱ्याला थंडी आवडते. सगळं शिवार सकाळी आंबट वासानं भरून जायचं, पायांना दंव लागायचं, आणि मला काहीच करायचं नसायचं. ना धूर, ना पडदा. ह्यांना वाटलं बाई सुखात आहे. मी बांधावर उभी राहून त्या रिकाम्या सांगाड्याकडं बघायची. थंडीचा मला कधी राग आला नाही. ती परकीच आहे, तिनं माझं काय खाल्लं होतं? ज्या माणसानं मला थंडीशी कसं वागायचं ते शिकवलं त्याच माणसानं तिला आत घेतलं, हे गिळायला मला फार दिवस लागले. अजून लागतायत. शेजारणी म्हणतात, सोड आता, झालं गेलं. सोडते की. वारं फिरेपर्यंत सोडलेलंच असतं.

साहेब बदलला, नवा आला. त्याच्या मागं लागून लागून गेल्या वर्षी पुन्हा माझ्या नावावर प्लॉट आणला. एकटीनं केला. दोन्ही अर्ध्यांच्या मधे जाड पडदा लावून घेतला आणि उत्तरेचं अर्धं ओसाड पडू दिलं. माल निघाला. पाटी राहिली.

आणि यंदा दसरा झाल्यावर अक्का परत आली. लेकाचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, जिना चढवत नाही, सून वाईट नाही पण दिवसभर बाहेर. बोलायला भिंती. हे सगळं तिनं मला सांगितलं नाही, गावानं सांगितलं. ती आली ती सरळ नेटपाशी. वाळली होती फार. पाटीवरचं माझं नाव तिनं बोटानं अक्षर अक्षर वाचलं.

"माझ्या बाजूचं रिकामंच हाय ना, संगे?"

"हाय."

"जमीन हाय माझी, पण साहेब काय मला प्लॉट देणार न्हाई आता. तुझ्या नावाखाली करीन मी. जमंल का? तू सांगशील तसं."

तीन वर्षं मी या प्रसंगाची उत्तरं तयार करत होते. भांडी घासताना, भाकरी थापताना, एकाहून एक जहाल. तोंडाशी आलं ते वेगळंच. मी म्हणाले, "करा. रोपं हायेत. पण तुमच्या बाजूच्या दोऱ्या बी मीच बांधणार."

तिनं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. "बरं," म्हणाली.

तिचा हात अजून सुंदर चालतो. तिच्या रांगांत सगळ्या झाडांना धागे आहेत, आतल्यासुद्धा. मी पाहिले. रोज पाहते. ती बघते की मी पाहतेय, आणि पुढची कळी हातात घेते. मधला जाड पडदा काढला, पण जाळीतून आता आम्ही कामापुरतं बोलतो. तिनं एकदा जालन्याचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, मी "हं" सुद्धा म्हणाले नाही.

काल वारं फिरलं तेव्हा मी पीठ टाकून नेटवर पळाले. माझ्या दोन बाजू बांधल्या, तिची पूर्व बांधली, उत्तरेला आले. अक्का आधीच तिथं उभी होती. गाठ सोडवून तिनं पडदा खाली घेतला होता, आणि दोरी हातात धरून खुंटीपाशी वाकली होती. मला पाहून ती तशीच थांबली. वाऱ्यानं तिचे पांढरे केस तोंडावर येत होते.

"ही एक मी बांधू का गं?" ती म्हणाली. "मी शिकवलेलीच गाठ हाय ना ती."

मला फार वाईट वाटलं. मी पुढं होऊन तिच्या हातातून दोरी घेतली, आणि बांधली.